नाव विचार ना त्याचं!

पत्र

"मी आणि माझे मिस्टर रविवारी दुपारी जुने सिनेमे बघतो. गेल्या रविवारी १९३५चा 'टॉप हॅट' लावला. नाच सुरेख, कपडे सुरेख, पण गोष्टीचं काय? नायिका नायकाला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजून बसते आणि पुढे कितीतरी वेळ कुणी कुणाचं नाव म्हणून घेत नाही. एका वाक्यात मिटणारा घोटाळा! शेवटी मी टीव्हीशीच भांडायला लागले, 'अगं, नाव विचार ना त्याचं!' मंडळी व्हेनिसला पोचली आणि मी उठून गेले. मिस्टरांचं म्हणणं असं की जुन्या सिनेमांत हे असंच चालायचं, डोकं बाजूला ठेवून बघायचं. मला ते जमत नाही. उरलेला सिनेमा बघावा का? बघायचा तर कसा? आणि याच जातकुळीतला, पण वैताग न आणणारा एखादा सिनेमा आहे का?"

उत्तर

डोकं बाजूला अजिबात ठेवू नका. ओळखीच्या घोटाळ्यावर चालणारी कॉमेडी डोकं जागं ठेवूनच बघायची असते. पात्रांना जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असतं आणि त्या जास्तीच्या माहितीतूनच हसू फुटतं. डोकं मिटलं की उरते नुसती पळापळ. त्यामुळे मिस्टरांचा मुद्दा आम्हाला मान्य नाही. जुन्या सिनेमांत सरसकट असंच चालायचं, हेही खरं नाही. त्याच दहा वर्षांतल्या काही सिनेमांत हा घोटाळा इतका चोख बांधलेला आहे की सुई शिरायला जागा नाही, आणि काहींत नुसता वेळ काढलेला आहे. 'टॉप हॅट'मध्ये दोन्ही आहे. लंडनमधला भाग चोख, व्हेनिसमधला सैल. म्हणजे तुम्ही उठलात ती जागा अगदी बरोबर होती. फक्त ओरडायला मात्र तुम्ही जरा लवकर सुरुवात केलीत.

ते कसं, ते बघा. जेरी (फ्रेड अस्टेअर) हा अमेरिकन नर्तक होरेस हार्डविक नावाच्या निर्मात्याच्या (एडवर्ड एव्हरेट हॉर्टन) कार्यक्रमासाठी लंडनला आलाय आणि हॉटेलात होरेसच्याच खोलीत आहे. रात्री तो तिथे टॅप, म्हणजे बुटांनी ताल धरायचा नाच, करत सुटतो, खालच्या मजल्यावर झोपलेली डेल (जिंजर रॉजर्स) जागी होते आणि तणतणत वर येते. तिच्यासमोर उभा असतो तो जेरी, पण खोली होरेसची. घोटाळ्याचा पाया इथे घातला गेला, आणि तोही आपण नाच बघण्यात गुंगलेलो असताना. पुढे डेलला तिची मैत्रीण मॅज हिची तार येते: माझा नवरा तुझ्याच हॉटेलात उतरलाय. डेल हॉटेलच्या माणसाला विचारते, मिस्टर हार्डविक कोणते? तो वरच्या मजल्याकडे बोट दाखवून सांगतो की ते बघा, छडी आणि ब्रीफकेस घेतलेले. नेमक्या त्या क्षणी होरेसला फोनसाठी बोलावणं येतं, तो छडी आणि ब्रीफकेस जेरीच्या हातात कोंबून निघून जातो. डेल मान वर करून बघते तर छडी, ब्रीफकेस आणि मघाशी आपल्याबरोबर नाचलेला माणूस. थोड्या वेळाने त्या माणसाच्या गालावर थप्पड बसते आणि ती का बसली हे त्याला कळत नाही.

हा प्रसंग रिमोट हातात घेऊन पुन्हा बघा. इथे कुणीही खोटं बोललेलं नाही. हॉटेलच्या माणसाची माहिती खरी होती, ती क्षणभरात शिळी झाली, इतकंच. तार खरी, खोली खरी, खुणेच्या दोन्ही वस्तू खऱ्या. सगळ्या खऱ्या गोष्टींची बेरीज चुकीची येणं, यात लेखकाची करामत आहे. घोटाळा उभा करायला कुणाला तरी मुद्दाम खोटं बोलायला लावलं, की प्रेक्षक त्या पात्राचा राग धरतो. कुणाला तरी मठ्ठ करून ठेवलं, की प्रेक्षक लेखकाचा राग धरतो. इथे दोन्ही टाळलंय.

आता तुमचं वाक्य: नाव विचार ना त्याचं. पण ज्याचं नाव आपल्याला माहीत आहे त्याला ते कोण विचारेल? डेलच्या हिशेबी प्रश्न मिटलेला आहे. तिने चौकशी केली, उत्तर मिळवलं, आणि ते उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहिलं. तिच्या जागी तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. आणि जेरीने आपणहून नाव का सांगू नये? कारण आपलं नाव चुकलंय हेच त्याला ठाऊक नाही. त्याच्यापुढचं कोडं वेगळं आहे: मघाशी हसणारी मुलगी आता का मारते? या भागातला तुमचा वैताग आम्हाला रास्त वाटत नाही. डेलने एकच सवलत मागितली आहे, ती म्हणजे मॅजची एवढी मैत्रीण असून तिने मॅजच्या नवऱ्याला कधी पाहिलेलं नाही. एका सिनेमाला एक सवलत द्यायला हरकत नसावी.

व्हेनिसमध्ये मात्र तुमची बाजू बळकट आहे. तिथे मॅज येते, आणि मॅज दोघांनाही ओळखते. होरेस कोण हे तिला माहीत, जेरी कोण हे माहीत, डेल तिची मैत्रीण, वर जेरी आणि डेलचं जमवून द्यायचा तिचा बेत. असं माणूस एकदा गोष्टीत आलं की घोटाळा पाच मिनिटांत संपायला हवा. तो टिकवायचा तर दोन बायकांना एका माणसाबद्दल बराच वेळ बोलत ठेवून त्याचं नाव कुणाच्या तोंडी येऊ द्यायचं नाही. लंडनमध्ये परिस्थितीने केलेलं काम इथे संवादलेखकाला हाताने करावं लागतं, आणि तो हात दिसतो. तुम्ही उठलात त्याचं कारण हे.

मग एवढं ताणलं तरी कशाला? एक कारण नाचाचं आहे, त्याकडे येऊच. दुसरं कारण सेन्सॉरचं. अमेरिकन चित्रपटउद्योगाने स्वतःवर घालून घेतलेली आचारसंहिता १९३०पासून कागदावर होती, पण १९३४च्या मध्यापासून जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीने ती सक्तीने राबवायला सुरुवात केली. पटकथा आधी तपासली जायची, आणि त्या कचेरीच्या प्रमाणपत्राशिवाय मोठ्या कंपन्यांची चित्रपटगृहं सिनेमा लावत नसत. परस्त्री-परपुरुषाचं आकर्षण मोहक करून दाखवायला बंदी होती. आता १९३५ साली तुम्हाला पडद्यावर एका बाईला मैत्रिणीच्या नवऱ्याची ओढ वाटताना दाखवायची आहे. सरळ दाखवलंत तर कात्री. पण ती ओढ फक्त तिच्या गैरसमजात असेल, प्रत्यक्षात तो माणूस बिनलग्नाचा असेल, तर कुणाला काय आक्षेप घेता येणार? प्रेक्षकाला अपराधी प्रेमाची सगळी मजा मिळते आणि कागदोपत्री गुन्हा घडतच नाही. नाव जितकं उशिरा कळेल तितका वेळ हा खेळ चालू राहतो. हे लक्षात ठेवून बघितलंत तर व्हेनिसमधले संवाद जरा वेगळे ऐकू येतील, निरुपद्रवी वाटणाऱ्या बऱ्याच वाक्यांना खालून दुसरा अर्थ आहे.

आमच्या मराठी वाचकांना इथे 'संशयकल्लोळ' आठवणारच. देवलांचं हे नाटक १९१६ साली रंगमंचावर आलं. तिथेही मिटवायला सोपा घोटाळा आहे: चक्कर आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते, रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव बघतो. पण तिथे 'अरे, विचार ना तिला' असं आपण ओरडत नाही. कारण फाल्गुनराव विचारेल, उत्तर ऐकेल, आणि त्या उत्तराचाही संशय घेईल. त्याच्या स्वभावातच घोटाळ्याचं खत आहे. डेल तशी नाही. ती सरळ, हुशार, चटकन बोलून मोकळी होणारी बाई आहे, आणि सरळ माणसाला इतका वेळ गैरसमजात ठेवणं अवघड असतं. जी गोष्ट स्वभावाने टिकत नाही ती योगायोगाने टिकवावी लागते, आणि योगायोग तिसऱ्या-चौथ्या वेळी कडू लागतो.

तर उरलेला सिनेमा बघावा का? आमचं मत: बघा, पण सुरुवातीपासून आणि दोन बैठकांत. एकूण लांबी पावणेदोन तासांच्या आतली आहे, तेव्हा फार काही मागत नाही आहोत.

बघायला बसण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. १९३५च्या सिनेमाची फ्रेम जवळजवळ चौकोनी असते, रुंदी उंचीच्या सुमारे १.३७ पट; आजच्या टीव्हीची १.७८ पट. म्हणजे पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसायलाच हवेत. ते दिसत नसतील तर दोनपैकी एक झालंय. चित्र आडवं ताणलं गेलंय आणि किडकिडीत अस्टेअर तुम्हाला गुबगुबीत दिसतोय, किंवा झूम लागलाय आणि वरखाली मिळून जवळजवळ चतुर्थांश उंची कापली गेलीय. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण कापले जातात ते पाय. अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत दिसला पाहिजे आणि कॅमेऱ्याने शक्य तितके कमी कट घ्यावेत. ज्या नाचासाठी ही सगळी गोष्ट ताणली, तोच अर्धवट दिसला तर नुसती गोष्ट उरणार, आणि मग वैताग येणारच. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू असेल तर तीही बंद करा, भरभर हलणाऱ्या पायांभोवती त्यामुळे चित्र फाटल्यासारखं दिसतं.

सबटायटल संवादांना ठेवा. हॉर्टन आणि त्याचा नोकर बेट्स (एरिक ब्लोर) यांची खडाजंगी वेगात चालते, नुसत्या कानाने सगळी पकडता येत नाही. पण नाच सुरू झाला की सबटायटल घालवा. अक्षरं पडद्याच्या तळाशी येतात, म्हणजे नेमकी बुटांवर.

पहिली बैठक थपडेपाशी संपवा. त्या आधी पावसातला नाच येतो, त्यासाठी ही पूर्ण बैठक वसूल आहे. बागेत पाऊस गाठतो, दोघं बँडवाल्यांच्या मंडपाचा आडोसा घेतात. तिच्या अंगावर घोडेस्वारीचा वेश, म्हणजे पँट. तो चार पावलं टाकून दाखवतो, ती मागे उभी राहून, खिशात हात घालून, त्याची नक्कल करते. बराच वेळ दोघं एकमेकांना शिवतही नाहीत. तो एक चाल टाकतो, ती तीच परत करते आणि वर स्वतःची एक जोडते, जणू 'हे तर काहीच नाही' म्हणावं तसं. शेवटी दोघं मंडपाच्या कडेला बसतात आणि हस्तांदोलन करतात. चुंबन नाही, मिठी नाही, बरोबरीच्या दोन माणसांनी केलेला सौदा. गैरसमज अजून जन्मलेला नाही. डेल इथे जेवढी मोकळी आहे तेवढी पुन्हा फार उशिरापर्यंत दिसत नाही, म्हणून हा नाच नीट डोक्यात बसू द्या. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं आहे.

(जाता जाता: तुम्ही लिहिलं नाहीत, पण नको म्हणणाऱ्या बाईचा पिच्छा पुरवणारा, तिच्यासाठी घोडागाडीवाल्याचं सोंग घेणारा नायक आज काही जणींना खटकतो. तुम्हालाही खटकला असेल तर तो वैताग वेगळा आहे. तो घोटाळ्याच्या खात्यावर टाकू नका, नाहीतर व्हेनिसपर्यंत पोचण्याआधीच संयमाची शिल्लक संपते.)

दुसऱ्या बैठकीला एक कागद घ्या. तीन रकाने पाडा: कोण, काय समजून चाललंय, कशावरून. डेल, जेरी, मॅज, होरेस, बेट्स आणि बेडिनी अशी सहा नावं. डेलला आपले पोशाख घालून मिरवायला लावणारा इटालियन कपडेवाला तो बेडिनी. दर प्रसंगानंतर ज्याच्या समजुतीत बदल झाला त्याच्यापुढे एक ओळ लिहा. शाळेतला गृहपाठ वाटेल, पण या प्रकारच्या सिनेमात माणूस चिडतो तो बहुतेक वेळा आपल्याला काही काम नसल्यामुळे. आपल्याला उत्तर माहीत, पात्रांना नाही, आणि आपण हात चोळत बसलेलो. कागद हातात आला की लक्ष 'कधी कळणार' यावरून 'आता कोणाचा काय समज झाला' इकडे वळतं, आणि मजा सगळी तिकडे आहे. जो प्रसंग संपल्यावर कागदावर एकही ओळ पडली नाही, तो प्रसंग भरताड समजा. फक्त एक पडताळा घ्या: आत्ता खरं कळलं तर आधीपेक्षा जास्त काही बिघडणार आहे का? लंडनमध्ये खरं कळलं असतं तर एक थपडेची माफी मागून भागलं असतं. व्हेनिसमध्ये मैत्री पणाला लागलीय. त्यानंतर रागाच्या भरात डेल जे करून बसते, त्याने प्रकरण आणखी वरच्या पायरीवर जातं. पायऱ्या चढताहेत तोवर सिनेमा जिवंत आहे. तीच पायरी दुसऱ्यांदा आली तर रिमोट उचला, पाप लागत नाही.

दुसऱ्या बैठकीचा कळस म्हणजे 'चीक टू चीक' हा नाच. तो येतो त्याआधीचं जेवणाचं टेबल अगदी जवळून बघा. मॅजला वाटतंय, आपण एका बिनलग्नाच्या मित्राची आणि मैत्रिणीची गाठ घालून देतोय. डेलला वाटतंय, ही बाई स्वतःच्या नवऱ्याला माझ्या गळ्यात बांधतेय. मॅज म्हणते, जा, नाचा, माझी काळजी करू नका. दोघं नाचू लागतात. डेल खांद्यावरून मागे वळून बघते, मॅज हाताने खूण करते: अजून जवळ. डेलच्या चेहऱ्यावर आधी धक्का येतो, मग 'हिलाच चालतंय तर मला काय' असा एक भाव, आणि मग ती खरोखरच जवळ सरकते. या काही क्षणांत गैरसमज अडथळा राहत नाही, परवाना होतो. नाव कळलं असतं तर इथे फक्त एक सुंदर नाच झाला असता. नाव न कळल्यामुळे इथे एक बाई आपल्याला नको असलेल्या सुखाकडे डोळे उघडे ठेवून जाते. सबंध सिनेमात ताणलेला घोटाळा आपली किंमत वसूल करतो तो इथे.

मग नाचाकडे बघा आणि पावसातला नाच आठवा. तिथे ती त्याच्या बरोबरीने पावलं टाकत होती, इथे मागे झुकते, भार सोडते, पुन्हा पुन्हा झुकते. तिथे पँट होती, इथे पिसांचा झगा. त्यातली पिसं नाचताना गळून हवेत तरंगताना दिसतात. चित्रीकरणात त्यांनी सगळ्यांना पुरेसं छळलं होतं आणि त्यावरून अस्टेअरने रॉजर्सला 'फेदर्स' (पिसं) हे टोपणनाव दिलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नाच संपल्यावर दोघं काही न बोलता कठड्याला टेकून उभी राहतात, तेव्हा कॅमेरा तिच्यावर जास्त वेळ थांबलाय असं समजून तिचा चेहरा वाचा. त्यानंतर तो लग्नाचं विचारतो. तिच्या बाजूने विचार करा: लग्न झालेला माणूस, बायको चार टेबलं पलीकडे बसलेली, आणि हा लग्नाचं विचारतोय. दुसरी थपड अगदी न्याय्य आहे.

तिसरा मोठा नाच 'पिकोलिनो' शेवटच्या टप्प्यात, घोटाळ्याचा गुंता सुटल्यानंतर येतो. सुरुवातीला गर्दीचा, लांबलचक समूहनाच आहे, तिथे चहा करून आणलात तरी चालेल. पण गाण्यानंतर दोघं उतरतात तेव्हा जागेवर असा. आधी, मध्ये आणि नंतर असे तीन नाच एका ओळीत लावून बघितले तर गोष्ट तिथेच सांगून झालेली आहे. संगीतकार अर्व्हिंग बर्लिनच्या पाच गाण्यांमधला जो संवादांचा भाग तुम्हाला सतावतोय, तो या तीन नाचांना अर्थ देण्यापुरता आहे. डेलला काय वाटतंय हे माहीत नसतं तर मधल्या नाचाला आपण नुसती 'वा' म्हणालो असतो.

बेडिनीच्या मोडक्या इंग्रजीवरचे विनोद आता शिळे झालेत, ते पुढे ढकललेत तरी काही बुडत नाही. होरेस-बेट्सची भांडणं आवडीचा भाग. बेट्सवर मात्र पूर्ण फुली मारू नका, डेलच्या पाळतीवर सोडलेला हा नोकर शेवटी फार उपयोगी पडतो, यापुढे सांगत नाही. आणि दुसऱ्या थपडेनंतरही तुम्हाला 'आता हिचं कसं होणार' अशी जराही उत्सुकता वाटली नाही, तर टीव्ही खुशाल बंद करा. त्या जागेपर्यंत सिनेमाने आपलं सगळ्यात चांगलं देऊन झालेलं असतं.

मिस्टरांबरोबर बघताना एक करार करून टाका. तुम्ही नाव ओरडायचं नाही आणि त्यांनी 'अगं, सिनेमा आहे' म्हणायचं नाही. दोघांनी कागद भरायचा आणि शेवटी ताडून बघायचा. दोन कागदांत फरक निघेल, विशेषतः मॅजच्या रकान्यात. ती नेमकी कधीपासून किती समजून आहे, यावर भांडायला बरीच जागा आहे आणि हे भांडण टीव्हीशी भांडण्यापेक्षा बरं.

आता पुढच्या रविवारचं. तुमचा स्वभाव बघता दोन सिनेमे सुचवतो. एक, प्रेस्टन स्टर्जेसचा 'द लेडी ईव्ह' (१९४१). बार्बरा स्टॅनविक पत्त्यांत गंडा घालणारी मुलगी आहे, ती हेन्री फोंडाच्या आयुष्यात दुसऱ्यांदा एका खानदानी इंग्रज बाईच्या नावाने शिरते, आणि चेहरा बदलायची तसदीसुद्धा घेत नाही. तुम्ही म्हणाल, हा तर आणखी कहर! पण इथे लेखकाने तुमची शंका आधीच हेरून ती विनोदात घातलीय. फोंडाचा चाकर मग्सी सुरुवातीपासून घसा फोडून सांगतो की ही तीच बाई आहे. फोंडाचं म्हणणं, दोघी इतक्या सारख्या दिसतात म्हणजे ती तीच असणं शक्य नाही. तीच असती तर तिने वेष बदलला नसता का? फसण्याचं कारण माणसाच्या अक्कलहुशारीतच सापडतं, त्यामुळे राग येत नाही. थोडा फाल्गुनरावाच्या वळणाचाच प्रकार, उलट्या दिशेने.

दुसरा, अर्न्स्ट लुबिचचा 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०). बुडापेस्टमधल्या एका दुकानात काम करणारी दोघं, जेम्स स्ट्युअर्ट आणि मार्गारेट सुलावान, दिवसभर एकमेकांवर डाफरतात आणि रात्री एका अनोळखी व्यक्तीला प्रेमपत्रं लिहितात. ती अनोळखी व्यक्ती समोरचीच आहे, हे दोघांनाही माहीत नाही. इथे नाव न कळण्याला भक्कम कारण आहे: पत्रं निनावी आहेत आणि निनावी असण्यातच त्यांची गोडी आहे. आणि लुबिचने व्हेनिसमधली चूक केलेली नाही. घोटाळा ताणत बसण्याऐवजी त्याने मध्येच तो अर्धा फोडलाय. भेटीच्या रात्री कॅफेत ती खुणेचं पुस्तक आणि त्यात लाल कार्नेशन ठेवून बसलेली असते; स्ट्युअर्टचा सहकारी काचेतून डोकावतो आणि बाहेर उभ्या असलेल्या त्याला, चाचपडत, आत कोण बसलंय ते सांगतो. तिथून पुढे त्याला माहीत आणि तिला नाही. आपल्याजवळची जास्तीची माहिती आता पडद्यावरच्या एकाकडेही आहे, त्यामुळे ती पेलण्याची जबाबदारी एकट्या आपल्यावर राहत नाही. तुम्हाला 'टॉप हॅट'मध्ये जे सोसलं नाही त्यावरचा उपाय हा असा असतो. हा सिनेमा आधी लावा, 'लेडी ईव्ह' नंतर.

'द गे डिव्होर्सी' (१९३४) मात्र इतक्यात नको. दिग्दर्शक तोच मार्क सँड्रिच, अस्टेअर-रॉजर्स तेच, हॉर्टन, ब्लोर आणि बेडिनी झालेला एरिक ऱ्होड्स तेच, आणि घोटाळ्याचा सांगाडाही जवळपास तोच. खरं तर तिथलं कारण जास्त पटण्यासारखं आहे: रॉजर्सला इंग्लंडमध्ये घटस्फोट मिळवायचाय, त्यासाठी भाड्याने आणलेल्या माणसाबरोबर पकडलं जाण्याचं नाटक करायचंय, आणि खुणेचं वाक्य नेमकं अस्टेअरच्या तोंडून निघून जातं. तेव्हा तो भाडोत्री माणूस आहे असं तिला वाटणं साहजिक आहे. पण 'टॉप हॅट' पाठोपाठ बघितलात तर फरकापेक्षा सारखेपणाच डोळ्यांत खुपेल. मध्ये निदान महिनाभर जाऊ द्या.